तणावपूर्ण शांतता कशी लिहावी

अभिनंदन! परवापर्यंत तुम्ही कुठल्याशा भाऊंच्या वाढदिवसाच्या पुरवणीसाठी जाहिराती गोळा करत हिंडत होतात. आज तुमच्या गळ्यात ओळखपत्र आहे, हातात चॅनलचं नाव छापलेला बूम आहे आणि आत्ताच फोन आलाय, "भो, लवकर ये, दगडफेक चालू झाली." जळगाव-धुळ्याकडे पत्रकाराची मुंज अशीच लागते. घाबरू नका. खाली दिलेली पद्धत मी स्वतः बावीस वर्षं वापरली आहे. एवढ्या काळात मला एकदाही दगड लागला नाही, आणि नेमकं काय घडलं ते एकदाही नीट दिसलं नाही. दोन्हीचं श्रेय पद्धतीला.

१. आधी उभं राहायला शिका

बातमी नंतर. उभं कुठे राहायचं हे चुकलं की सगळंच चुकतं.

धुळ्याचं त्या बाबतीत बरं आहे. इंग्रजांच्या काळात कॅप्टन ब्रिग्जने आखून दिलेल्या सरळ गल्ल्या, त्यांना चक्क नंबर. "पाचवी गल्ली" म्हटलं की रिक्षावाल्याला कळतं तसं बाहेरून आलेल्या एसआरपीच्या जवानालाही कळतं. जळगावच्या जुन्या पेठांत वळणं फार, तिथे अंदाजाने घ्या. पण सरळ असो की वाकडी, प्रत्येक गल्लीला दोन तोंडं असतात. एका तोंडाशी पोलिसांची व्हॅन, दंगा नियंत्रण पथक, ढाली, हेल्मेटं आणि कुठून तरी आलेली चहाची किटली असते. दुसऱ्या तोंडाशी माणसं असतात.

तुम्ही पहिल्या तोंडाशी उभं राहायचं. कारणं सांगतो. व्हॅनची सावली मिळते, आणि मे महिन्यात जळगावात पारा पंचेचाळिशी गाठतो तेव्हा सावलीइतकं निःपक्षपाती काही नसतं. साहेब तिथेच असतात, बाईट तिथेच मिळतो. मुख्य म्हणजे येणारा दगड तुम्हाला समोरून दिसतो. इकडून तिकडे काय जातं ते तुमच्याकडे पाठ करून जातं, त्यामुळे ते दिसलंच पाहिजे असा आग्रह कुणी धरू शकत नाही. संपादकही कधी धरत नाहीत.

काही उत्साही पोरं पहिल्याच वर्षी वळसा घालून दुसऱ्या तोंडाकडे जातात. त्यांना दोन्ही बाजूंचा मार बसतो आणि बातमी आत, सातव्या पानावर जाते. त्यांच्याबद्दल मला खरंच वाईट वाटतं.

२. कारण किरकोळ ठेवा

"किरकोळ कारणावरून" हे दोन शब्द पाठ करा. खानदेशात त्यांना मरण नाही. ६ जानेवारी २०१३, रविवार. धुळ्यात माच्छीबाजार भागात हॉटेलच्या वीस-तीस रुपयांच्या बिलावरून भांडण झालं आणि संध्याकाळपर्यंत शहराला संचारबंदी लागली. ३१ डिसेंबर २०२४ ची रात्र. धरणगाव तालुक्यात पाळधीला एका मंत्र्यांच्या कुटुंबाच्या गाडीचा हॉर्न वाजला, त्यावरून बाचाबाची झाली, दुकानं आणि वाहनं जळली आणि नव्या वर्षाचा पहिला दिवस गावाने संचारबंदीत घालवला. बिल आणि हॉर्न, याहून किरकोळ काय असणार?

इथे थांबायचं. धुळे-जळगावात रोज हजार हॉटेलांत बिलावरून वाद होतात, रोज लाखभर हॉर्न वाजतात, मग गाव त्याच दिवशी का पेटलं, हा विचार मनात येऊ देऊ नका. त्यासाठी महिनाभर आधी त्या वस्तीत जायला हवं होतं. कुणाच्या मिरवणुकीचा रस्ता बदलला, कोणता फलक कुणी उतरवला, कुणाच्या पोरावर कुठली जुनी केस आहे, हे विचारायला हवं होतं. महिनाभर आधी तुम्ही जाहिराती गोळा करत होतात. कारण मोठं असावं असं तरीही वाटू लागलं तर एक कटिंग घ्या. वाटणं जातं.

३. "दोन गट" म्हणा

समाजाचं नाव लिहायचं नाही, हा संकेत चांगल्या हेतूने पडलाय. प्रेस कौन्सिलचेही तसे दंडक आहेत. तेव्हा "दोन गटांत राडा" असं लिहा आणि पुढच्याच शब्दात मोहल्ल्याचं, पेठेचं, चौकाचं नाव घाला. उरलेलं वाचक पाहून घेतो. आपला वाचक फार हुशार. त्याला चौकाचं नाव सांगितलं की पहिला दगड कुणी मारला हे तो पोह्याचा पहिला घास घेतानाच ठरवतो.

यूट्यूब चॅनल काढलं असेल तर हा नियम उलटा करा. तिथे शीर्षकात सगळं लिहा आणि शेवटी प्रश्नचिन्ह टाका. प्रश्नचिन्ह टाकलं की आपण फक्त विचारलेलं असतं.

४. शब्दसंग्रह

आता धंद्याचं भांडवल. जरा सावकाश वाचा.

"तणावपूर्ण शांतता" : आपल्या व्यवसायाने मराठीला दिलेला दागिना. तणाव असेल तर शांतता कसली, आणि शांतता असेल तर तुम्ही तिथे काय करताय, असलं काही विचारू नका. माणूस मेला तरी चालते, नाही मेला तरी चालते. दुकानं दंगलीमुळे बंद असोत की आठवड्याच्या सुट्टीमुळे, चालतेच.

"परिसराला छावणीचे स्वरूप" : किमान तीन गाड्या हव्यात. एकच जीप असेल तर "चोख बंदोबस्त". जीपही नसेल आणि नुसते दोन होमगार्ड स्टुलावर बसून केळी खात असतील तर "पोलिसांची करडी नजर". धुळ्यात राज्य राखीव दलाचा गट क्रमांक ६ घरचाच आहे, तिथे छावणीचं स्वरूप लवकर येतं. लगेच वापरून टाका.

"सौम्य लाठीमार" : लाठी वेताची की फायबरची, हा प्रश्न गौण. सौम्यपणा हा लाठीचा अंगभूत गुण मानावा. ज्याला मार बसला त्याला याबद्दल कधीही विचारू नका, तो हटकून चुकीचं विशेषण सांगतो. सिव्हिल हॉस्पिटलच्या ड्रेसिंग रूमकडेही फिरकू नका, तिथे सगळेच चुकीची विशेषणं सांगत असतात.

"हवेत गोळीबार" : हा शब्द जपून वापरा. माच्छीबाजारच्या त्या रविवारी पोलिसांच्या गोळ्यांनी सहा तरुण मेले. सगळे जमिनीवर होते.

"अज्ञात समाजकंटक" : ज्याला अख्खी गल्ली नावाने, टोपणनावाने आणि गाडीच्या नंबरने ओळखते तो.

"जमावबंदी" आणि "संचारबंदी" : पहिलीत पाच जणांनी एकत्र यायचं नाही, दुसरीत एकट्यानेही बाहेर पडायचं नाही. हे तुम्हाला माहीत असणं धोक्याचं, कारण डेस्कवर कुणाला माहीत नसतं. शीर्षकात जो शब्द मावेल तो जातो, आणि दुसऱ्या दिवशी औषध आणायला निघालेला माणूस पेपर दाखवून पोलिसांशी वाद घालतो. कलमाचंही तसंच. १ जुलै २०२४ पासून जुन्या १४४ च्या जागी नव्या नागरिक सुरक्षा संहितेचं १६३ आलं. तुम्ही १४४ च लिहा. वाचकाला १६३ ची भीती अजून बसलेली नाही.

"जनजीवन पूर्वपदावर" : भाजीवाला दिसला की लिहून टाका.

५. आकडा

कार्यालयातून फोन येईल. "काय झालं" असं कुणी विचारणार नाही, "किती?" विचारतील. तुम्ही प्रामाणिकपणे नऊ म्हणाल. पलीकडून आवाज येईल, "बाकीच्यांकडे चौदा आहेत, आपल्याकडे नऊ कसे?" यावर वाद घालायचा नसतो. जखमींत बोट कापलेला, धावताना पडलेला आणि रांगेत उभा राहून चक्कर आलेला असे पाच जण शोधा. सिव्हिलमध्ये केस पेपर काढणाऱ्यांच्या रांगेत ते नक्की सापडतात.

६. फोटो

फोटो जमिनीला टेकून काढा. उभ्याने काढला तर रस्त्यावर अकरा दगड दिसतात, आडवं झोपून काढला तर "दगडांचा खच" दिसतो. चप्पल हवी. एकच हवी, जोडी दिसली की कुणीतरी ती मशिदीच्या किंवा देवळाच्या बाहेर काढून ठेवली आहे असं वाटतं. मागे हेल्मेट घातलेला जवान धूसर आणि पुढे चप्पल स्पष्ट, हा फोटो गेली तीस वर्षं पहिल्या पानावर जातो आहे. चप्पल बदलते तेवढीच.

इथे एक कबुली देतो. उमेदीच्या काळात एका चौकातून मी धावतपळत "दगडांचा खच" पाठवला होता. चार कॉलम लागला. दुसऱ्या दिवशी सकाळी चौकातल्या सायकलवाल्याने मला बोलावून घेतलं. पंक्चर काढता काढता वर न बघता म्हणाला, "साहेब, ती खडी आहे. रस्त्याची. सव्वा महिन्यापासून पडलीय. तिच्यासाठी पण काही लिहा ना." मी त्याला आश्वासन दिलं. खडी पुढे पावसाळाभर तिथेच होती. नंतरच्या एका दंगलीत ती खरोखरच कामी आली, तेव्हा "दगड कुठून आले?" अशी चौकट मीच लिहिली.

७. पुढाऱ्याचा माणूस दिसला तर

हा मुद्दा जाहिरात विभागाशी बोलून घेतल्यावर गाळला आहे.

८. मोबाइलवर आलेलं

दहा ग्रुपवर व्हिडिओ येतील. एकात तलवारी असतील, एकात जळती बस, एकात भाषा भलत्याच राज्याची. खात्री करत बसू नका, तोवर दुसरा टाकतो. व्हिडिओ लावा आणि खाली बारीक अक्षरात "या व्हिडिओची पुष्टी आम्ही करत नाही" असं घाला. पुष्टी करायची नसेल तर दाखवता कशाला, असं एखादी शाळामास्तरीण विचारेल. तिला ब्लॉक करा.

साक्री तालुक्यातलं राईनपाडा मात्र या धड्यात बसत नाही. १ जुलै २०१८, रविवार, आठवडे बाजाराचा दिवस. पोरं पळवणारी टोळी आली आहे असे मेसेज कित्येक दिवस जिल्हाभर फिरत होते. बाजारात आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना लोकांनी त्या संशयावरून ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून ठार मारलं. भिक्षा मागून पोट भरणारी माणसं होती ती, मंगळवेढ्याकडून आलेली. मारहाणीचे व्हिडिओ पुन्हा त्याच मोबाइलांवरून फिरले. अफवा फिरत होती ते दिवस आपण, म्हणजे जिल्ह्यातले सगळे कार्डधारी, काय करत होतो, ते मला आठवतं. "टोळीची दहशत, पालकांत घबराट" असं लिहीत होतो. घबराट खरीच होती, त्यामुळे बातमी खोटी म्हणता येणार नाही.

चला, पुढे.

९. थेट प्रक्षेपण

मुंबईत २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यात वाहिन्यांनी कमांडोंची प्रत्येक हालचाल थेट दाखवली आणि सीमेपलीकडे बसलेल्या सूत्रधारांची तिकिटाशिवाय सोय झाली. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये कसाबच्या निकालात त्यावर कडक ताशेरे ओढले, २०१५ मध्ये केबलच्या नियमांत बदल झाला. आता दहशतवादविरोधी कारवाई चालू असताना थेट दाखवायचं नाही, नेमलेला अधिकारी अधूनमधून सांगेल तेवढंच. तुम्ही काळजी करू नका. आपल्याकडचं भांडण दहशतवादात मोडत नाही आणि तुमचं चॅनल केबलवर नाही. फेसबुक लाइव्ह सुरू करा. पोलिसांची तुकडी कोणत्या बोळातून वळसा घालते आहे ते सविस्तर सांगा, बोळाचं नाव दोनदा घ्या. दोन्हीकडची पोरं तुमचंच लाइव्ह बघत असतात. तुमच्यासारखी विश्वासार्हता आज कुणाला आहे?

१०. फिर्याद हीच बातमी

रात्री नऊपर्यंत पोलीस ठाण्यातून फिर्यादीचा मजकूर येईल. तो उतरवून घ्या. "अज्ञात २०० ते २५० जणांविरुद्ध" असा त्यात एक तुकडा असतोच. पूर्वी ३०७ आणि ३५३ असायचं, आता नव्या न्याय संहितेचं १०९ आणि १३२ असतं, शिवाय बेकायदा जमाव, दंगल वगैरे. "अज्ञात २०० ते २५०" ही एक मोठी रिकामी गोणी आहे, तिचं तोंड पुढची दोन वर्षं उघडं राहतं आणि तिच्यात कुणालाही घालता येतं, असं तुम्हाला वाटेल. ते तुमचं मत झालं. बातमीत मत घालू नये.

दुसरी बाजू म्हणून साहेबांचा बाईट घ्या. फिर्याद पोलिसांची, बाईट पोलिसांचा, दोन बाजू झाल्या.

धुळ्यात २०१३ ला या पद्धतीला थोडा धक्का बसला, तो प्रामाणिकपणे नोंदवतो. दंगल शमल्यावर मोबाइलवर काढलेल्या चित्रफिती बाहेर आल्या. त्यात खाकीतली माणसं वाहनांची मोडतोड करताना आणि सामान उचलून नेताना दिसत होती. मग काही पोलिसांवर कारवाई झाली, अटकाही झाल्या, चौकशी आयोग आला. त्या चित्रफिती व्हॅनच्या सावलीतून निघालेल्या नव्हत्या. साधे मोबाइल होते, आणि ते गल्लीच्या दुसऱ्या तोंडाला होते. आपले कॅमेरे त्यांच्यापेक्षा कितीतरी महाग होते, हे लक्षात ठेवा. धीर येतो.

११. रात्री घरी जा

आवृत्ती गेली की थांबायचं नाही. कोंबिंग ऑपरेशन त्यानंतर सुरू होतं, पण ते उद्याच्या पानात "रात्रभर धरपकड, ४३ ताब्यात" असं एका ओळीत येणारच आहे, त्यासाठी जागरण कशाला?

मी एकदा मोटारसायकल बंद पडली म्हणून अडकलो होतो. रात्रीचे दोन वाजले असतील. एक बाई गाऊनवर टॉवेल पांघरून ओट्यावर उभी होती. हातात मुलाचं आधार कार्ड, प्लॅस्टिकच्या पाकिटात घातलेलं. माझ्या गळ्यातलं कार्ड पाहून तिला मी सरकारी वाटलो असेन. "भाऊ, मना पोऱ्याले कथा लई ग्यात?" मी म्हटलं, मी पत्रकार आहे. ती म्हणाली, "मंग तुमलेच माहीत असी ना." आणि ते पाकीट माझ्यापुढे धरलं. जन्मतारीख बघा म्हणत होती. मी बघितली. मुलगा सोळा वर्षांचा होता. ४३ मध्ये तो धरला होता की नव्हता, हे मला आजही सांगता येणार नाही.

मोटारसायकल वेळच्या वेळी सर्व्हिसिंगला टाकत जा.

१२. शांतता समिती

दुसऱ्या दिवशी दुपारी बैठक. समितीत तीच माणसं असतात जी तुमच्या वडिलांच्या काळात होती, एक-दोघांच्या जागी आता त्यांची मुलं. चहा, बिस्किटं, "आपलं शहर शांतताप्रिय आहे", "बाहेरून आलेल्यांनी केलं", "अफवांवर विश्वास ठेवू नका". बातमी आदल्या बैठकीच्या वेळची काढा, तारीख आणि अधिकाऱ्याचं नाव तेवढं बदला. साहेबांचं नाव बदलायला विसरू नका, मागचे साहेब त्याच दंगलीनंतर बदलून गेले होते. फोटोत सगळे हात मिळवताना हवेत. ज्यांच्या पोरांना ताब्यात घेतलंय ते सहसा मागच्या रांगेत असतात, फ्रेममध्ये येत नाहीत. ओढून आणू नका.

१३. तिसरा दिवस

संचारबंदी सकाळी दोन तास शिथिल होईल. चौकातल्या हॉटेलचं शटर अर्धं वर गेलेलं दिसेल. मालक उंबऱ्यावर पाणी मारत असेल, काचा आधीच झाडून कोपऱ्यात लावलेल्या असतील, कढईत तेल तापत असेल. आत जा. "जनजीवन पूर्वपदावर" साठी फोटो काढा, भजी पडताना काढा, वाफ चांगली येते.

तो तुमच्यापुढे चहा ठेवेल आणि विचारेल, "कोणत्या पेपरचे?" तुम्ही सांगाल. मग तो फडकं खांद्यावर टाकून समोर बसेल आणि हळू आवाजात म्हणेल, "मी गच्चीवर होतो. तीन तास. पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळं पाहिलं मी."

वही काढू नका. पान लागलेलं आहे. "हो का, बोलू एकदा निवांत," असं म्हणा आणि उठा. तो थोडा वेळ तुमच्याकडे बघेल, मग गल्ल्यावर जाऊन बसेल आणि बिल सांगेल. चहा आणि प्लेटभर भजी, पंचेचाळीस रुपये. तुमच्या हिशेबाने चाळीसच होतात.

वाद घालू नका. देऊन टाका.